फर्मागुडीखालचं जुनं घर, बँकेचं कर्ज आणि आठ खाटा

आमचं जुनं घर गोव्यात, फोंड्याजवळच्या फर्मागुडीच्या चढाखाली, बांदोडा पंचायतीच्या हद्दीत आहे. वर पठारावर सरकारी अभियांत्रिकी महाविद्यालय, त्याच आवारात २०१६ पासून आयआयटी, आणि जवळच पीईएसचं कॉलेज. काणकोण, पेडणे, सत्तरीहून येणाऱ्या मुलांना कदंबाच्या बसने रोजची ये-जा झेपत नाही आणि वसतिगृहात सगळ्यांची सोय होत नाही. बाबा गेल्यापासून घर बंद होतं. कौलारू घर दोन-तीन पावसाळे बंद राहिलं की त्याचं काय होतं, ते गोव्यात कुणाला सांगायला नको. आई एकदा म्हणाली, "पाडायचं तर पाडून टाका, पण असं कुजताना बघवत नाही." मग ठरलं, दुरुस्त करून विद्यार्थ्यांना भाड्याने द्यायचं आणि भाड्यातून कर्जाचा हप्ता फेडायचा. २०२२ च्या चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, हालचाल सुरू झाली आणि पहिला मुलगा बॅग घेऊन दारात उभा राहिला तो २०२४ च्या ऑगस्टमध्ये.

एवढा वेळ चिरे आणि कौलं यांनी खाल्ला नाही. तो गेला घर कुणाचं हे कागदावर आणण्यात. म्हणून आधी कागदांबद्दलच सविस्तर लिहिते. गवंडीकामावर सल्ला द्यायला गावात माणसं पुष्कळ असतात.

भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर तालुका, गाव आणि सर्व्हे नंबर घातला की एक-चौदाचा उतारा दिसतो, म्हणजे गोव्यातला सातबाराच. आमच्या उताऱ्यावर नाव आजोबांचं. आजोबा जाऊन तीसेक वर्षं झाली, त्यानंतर आजी आणि बाबाही गेले. घरपट्टी बाबांच्या नावावर येत होती, त्यामुळे घरात सगळ्यांची समजूत होती की घर बाबांच्या नावावर आहे. घरपट्टीची पावती हा मालकीचा पुरावा नव्हे, हे वकिलांनी पहिल्याच बैठकीत सांगितलं. आजोबांचे वारस दोन, बाबा आणि आत्या. शिवाय गोव्यात लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, म्हणून आत्याबरोबर तिचे यजमान, माझ्याबरोबर माझा नवरा, भावाबरोबर वहिनी, असे सगळेच कागदावर येतात. पोर्तुगीज नागरी संहितेतला वारसाहक्काचा भाग आता २०१२ च्या गोवा उत्तराधिकार कायद्यात आला आहे. तो २०१६ पासून लागू झाला, पण सामाईक मालमत्तेचं हे तत्त्व तसंच राहिलं.

आत्याने आपला हिस्सा सोडायचं कबूल केलं. कुणी तिच्यावर दबाव आणला नव्हता. "माझ्या लग्नात तुझ्या बाबाने शेत गहाण टाकलं होतं," एवढंच ती म्हणाली. वाटणी होण्याआधीच वारसाहक्क सोडायचा असेल तर विशेष नोटरीपुढे हक्कत्यागाचा दस्त करता येतो. त्यानंतर उरलेल्या वारसांचा उत्तराधिकार दस्त होतो. विशेष नोटरी म्हणजे प्रत्यक्षात उपनिबंधक कार्यालयच. वारसांत तंटा असेल तर मात्र न्यायालयात इन्व्हेंटरी, म्हणजे मालमत्तेची यादी आणि वाटणी, करावी लागते, आणि ती वर्षानुवर्षं चालते.

इथे एक सांगण्यासारखी गोष्ट. भाऊ पुण्याला, आत्या मडगावला, एक चुलतभाऊ साक्षीला हवा तो डिचोलीला. या सगळ्यांना एका दिवशी फोंड्यात आणायचं तर चवथीसारखी संधी नाही. २०२२ ची चवथ ३१ ऑगस्टची. सगळे घरी असताना, सुट्ट्या संपल्यावरच्या कामाच्या दिवशी सह्या झाल्या. वकिलांकडून मसुदा मात्र आषाढातच तयार करून घेतला होता. तुमचे वारस बाहेरगावी असतील तर कागद चवथीच्या आधी तयार ठेवा; तो आठवडा हुकला की पुढच्या चवथीपर्यंत थांबा.

दाखले गोळा करताना सगळ्यात जास्त घोळ नावांचा झाला. आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मदाखल्यावर एक स्पेलिंग, एक-चौदावर दुसरं आणि बाबांच्या शाळेच्या दाखल्यावर तिसरंच. तिन्ही नावं एकाच माणसाची, असं प्रतिज्ञापत्र करून लावलं. ते आधीच करून ठेवावं, कारण पुढे मामलेदार विचारतात, बँक विचारते, बँकेचा वकील तर विचारतोच.

उत्तराधिकार दस्त हाती आल्यावर फोंड्याच्या मामलेदार कार्यालयात म्युटेशनचा, म्हणजे उताऱ्यावरची नावं बदलण्याचा, अर्ज केला. हितसंबंधितांना नोटिसा जातात, हरकतीची मुदत संपावी लागते. आमच्या उताऱ्यावर 'इतर हक्क' या रकान्यात एका मुंडकाराचं, म्हणजे दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं, नाव होतं. त्या कुटुंबाने १९७५ च्या मुंडकार कायद्याखाली आपली घराची जागा कधीच विकत घेतलेली (गावात ती ३०० चौरस मीटरपर्यंत घेता येते), पण नोंद पुढे सरकली नव्हती. त्यांच्याकडे खरेदीचं प्रमाणपत्र पत्र्याच्या पेटीत नीट जपून ठेवलेलं होतं. माझ्याबरोबर कार्यालयातही ते आले. शेजाऱ्यांशी बोलणं राहिलेलं असेल तर अशा कामाच्या आधी बोलून घ्यावं, एवढंच म्हणते. २०२३ च्या एप्रिलमध्ये उताऱ्यावर आई, भाऊ-वहिनी, मी आणि नवरा अशी नावं लागली. तोवर वकील, मुद्रांक, नोंदणी आणि नकला मिळून ५५ हजारांच्या आसपास गेले होते आणि घराचं एक कौलही हललं नव्हतं.

मग बँक. माझा पगार ज्या राष्ट्रीयीकृत बँकेत जमा होतो तिथे आधी गेले. मूल्यमापक आला, टेप लावून मापं घेतली, भिंतीवर बोटाने टकटक केली आणि अहवालात घराची किंमत जवळपास शून्य लिहिली. किंमत धरली ती फक्त जमिनीची. मातीच्या गिलाव्यात बांधलेले चिरे आणि साठ वर्षांचं छप्पर, बँकेच्या तक्त्यात त्याचं आयुष्य संपलेलं असतं. वाईट वाटलं, नाही म्हणत नाही. शाखेतल्या बाईंनी मग सुचवलं, मालमत्ता तारण कर्ज घ्या. त्याचा दर घरदुरुस्ती कर्जापेक्षा चांगलाच वर होता. मी नको म्हटलं आणि एका सहकारी बँकेत अर्ज केला. तिथे घरदुरुस्तीसाठी साडेनऊ टक्के दर मिळाला, मुदत १० वर्षं.

अर्जासोबत एक-चौदा, सर्व्हे आराखडा, नगर नियोजन खात्याचा विभाग दाखला (प्रादेशिक आराखडा २०२१ मध्ये आमची जागा वसाहत विभागात येते, ते लेखी लागतं), उपनिबंधकाचा बोजा नसल्याचा दाखला, घरपट्टीच्या पावत्या, तीन वर्षांची आयकर विवरणपत्रं, इंजिनिअरचं सहीशिक्क्याचं अंदाजपत्रक आणि पंचायतीची दुरुस्ती परवानगी, एवढं मागितलं. बँकेच्या पॅनेलवरचा वकील ३० वर्षांचा मालकीशोध करतो, त्याची फी आपल्यालाच. सगळे सहमालक सहकर्जदार हवेत ही अटही होतीच. भाऊ तयार झाला, पण त्याचं म्हणणं, "माझ्या सिबिलवर हे दहा वर्षं दिसणार, पुण्यातल्या फ्लॅटच्या कर्जाचं काय?" प्रश्न रास्त होता. त्याने आधी आपल्या बँकेत विचारून घेतलं आणि मगच सही केली. घरात असं कुणी शंका काढत असेल तर त्याला नाठाळ समजू नये.

अंदाजपत्रक १७ लाखांचं. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ३० लाखांपर्यंतच्या गृहकर्जात किमतीच्या ९० टक्क्यांपर्यंत रक्कम देता येते, पण ती कमाल मर्यादा झाली. आमच्या बँकेने १२ लाख मंजूर केले. पुढे येणारं भाडं त्यांनी उत्पन्नात धरलंच नाही. हप्ता १५ हजार ५०० च्या घरात बसत होता आणि तो माझ्या पगारातून झेपतो का, एवढंच त्यांनी पाहिलं. तेव्हा मला ते कंजूषपणाचं वाटलं. आता वाटतं, बरोबरच होतं. मंजुरीच्या पत्राबरोबर कर्जविम्याचा अर्जही पुढे आला, एकरकमी हप्ता, तोही कर्जातच मिळवलेला. "हा सक्तीचा आहे का, तसं लेखी द्याल का?" असं विचारलं तर अर्ज परत फाइलीत गेला. माझा साधा मुदतीचा विमा होता, तो पुरेसा होता.

कर्जाचे कागद २०२३ च्या चवथीला झाले. पुन्हा सगळ्यांच्या सह्या, पुन्हा नवऱ्याची रजा.

दुरुस्ती परवानगी पंचायतीकडून त्याआधीच घेतली होती. अर्जात इंजिनिअरने एक वाक्य ठळक लिहिलं होतं: जोत्याचं क्षेत्रफळ आणि छपराची उंची यांत बदल नाही. दुरुस्ती आणि नवं बांधकाम यांतली रेघ तिथेच पडते. रेघ ओलांडली की नगर नियोजन, जमीन रूपांतराची सनद, सगळंच येतं. म्हणून न्हाणीघरं वाढवायची ती जोत्याच्या आत, जुन्या कोठाराच्या जागी बसवली. पंचायतीची बैठक पंधरवड्याने असते. अर्जात एक कागद कमी असेल तर विषय पुढच्या बैठकीवर जातो. अर्ज देण्याआधी सचिवांना नुसतं दाखवून घेतलं, हे फार कामाला आलं.

काम दिवाळीनंतर सुरू केलं. त्याआधी करण्यात अर्थ नव्हता, आमच्याकडे परतीचा पाऊसही कौलं उतरवू देत नाही. आणि मे संपायच्या आत छप्पर पुरं व्हायलाच हवं, जूनच्या पहिल्या आठवड्यात पाऊस दारात असतो. म्हणजे हातात सहा महिने.

पहिल्या दिवशी सुतार शिडी लावून आढ्यापर्यंत गेला. खालून सगळे वासे ठणठणीत दिसत होते. त्याने एकेकावर हातोडीच्या दांड्याने ठोकलं आणि कान लावला. चौथ्या वाशाला त्याने स्क्रूड्रायव्हर टेकवून थोडा दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. बाहेर काढला तेव्हा पिठासारखा भुगा माझ्या डोक्यावर पडला. "बाय, हो भायल्यान बरो, भितर सगळो पोकळ," तो वरूनच म्हणाला. मग खडूने फुल्या मारत गेला. फुली म्हणजे बदलायचा. शेवटी साल (दिवाणखाना) आणि वसरीवरचे निम्म्याहून जास्त वासे गेले, आडवी फणसाची तुळई मात्र शाबूत निघाली. तिला वाळवीने शिवलंही नव्हतं. कौलं उतरवून, घासून, फुटकी बाजूला काढून पुन्हा वापरली. कमी पडली ती जुनीच, मोडलेल्या एका घराची विकत घेतली. नवी आणि जुनी मंगळुरी कौलं एकमेकांत नीट बसत नाहीत, फटीतून पाणी येतं. विकत घेण्याआधी आपलं एक कौल सोबत नेऊन खोबणीत खोबण बसते का, ते पाहावं.

भिंतींना सिमेंटचा गिलावा करायचा आग्रह ठेकेदाराचा होता. इंजिनिअरने अडवलं. मातीत बांधलेली चिऱ्याची भिंत ओल घेते आणि सोडते. वर सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दोन पावसांत पापुद्रे सुटतात. चुन्याचा गिलावा महाग पडला, करणारा माणूस मिळायलाही वेळ लागला. पण आता दुसरा पावसाळाही गेला तरी भिंती कोरड्या आहेत. न्हाणीघरांत मात्र सिमेंट आणि वॉटरप्रूफिंग, तिथे चुन्याचं काम नाही. सालातली जुनी लाल गुळगुळीत जमीन तशीच ठेवली. टाइल्स घालाव्यात असं सगळ्यांचं म्हणणं होतं. मी एकटीने विरोध केला आणि मुलं दुपारी तिथेच उताणी पडून अभ्यास करतात.

खर्च कुठे वाढला, तर जमिनीखाली. आठ माणसांसाठी जुनी सेप्टिक टाकी पुरणार नव्हती आणि नवी विहिरीपासून किमान १५ मीटर लांब हवी. मागच्या परसात तेवढं अंतर निघेना, म्हणून टाकी पुढच्या अंगणात आली आणि पाइप सगळ्या घराला वळसा घालून. हे अंदाजपत्रकात नव्हतं. मूळ आराखडा काढतानाच विहिरीपासूनचं अंतर मोजायला सांगा. वीज सिंगल फेजवरून थ्री फेजवर नेली. त्याला परवानाधारक कंत्राटदाराचा चाचणी अहवाल लागतो. अर्थिंग नवं, प्रत्येक खोलीला वेगळा एमसीबी आणि सबमीटर. सबमीटरमुळे पंखा कुणी रात्रभर चालू ठेवला हे भांडण आमच्याकडे येत नाही. विद्यार्थी ठेवल्यावर वीजदर घरगुती राहतो की व्यावसायिक होतो, हे वीज खात्याला लेखी विचारून उत्तर फाइलीला लावलंय. तुम्हीही लेखीच विचारा.

कर्जाचे पैसे एकदम मिळत नाहीत. आधी आपला हिस्सा खर्च करून दाखवायचा, मग बँकेचा माणूस पाहून जातो आणि टप्पा सुटतो. बिलांची अडचण झाली. चिरेवाला आणि वाळूवाला पक्कं बिल देत नाहीत. इंजिनिअरने प्रत्येक टप्प्याचं काम झाल्याचं प्रमाणपत्र फोटोंसह दिलं, त्यावर बँकेने चालवून घेतलं. फेब्रुवारीत एक टप्पा मार्चअखेरच्या गडबडीत अडकला आणि सुताराची मजुरी थांबायची वेळ आली. तेव्हा बांगड्या ठेवून दीड लाखाचं सोनेतारण कर्ज काढलं, ते पुढचा टप्पा आल्यावर फेडलं. हाताशी अशी काहीतरी सोय आधीच ठेवावी, कारण सुताराने मधेच दुसरं काम धरलं की तो पाऊस संपल्यावरच भेटतो. पूर्ण रक्कम उचलेपर्यंत फक्त उचललेल्या पैशांचं व्याज भरावं लागलं, खरा हप्ता जून २०२४ पासून. एकूण खर्च १९ लाखांच्या थोडा वर गेला. शेवटचं कौल मेच्या शेवटच्या आठवड्यात बसलं.

आता भाड्याबद्दल. चार खोल्या, प्रत्येकीत दोन खाटा, एका खाटेचे महिना ४ हजार. आठही भरल्या तर ३२ हजार. पण हा आकडा मी कधीच गृहीत धरला नाही. फर्मागुडीला आधी एनआयटीही होती. तिचा कुंकळ्ळीचा कायमचा परिसर ६ फेब्रुवारी २०२४ ला राष्ट्राला अर्पण झाला, आमच्या छपराचं काम चालू होतं तेव्हाच. इथल्या काही घरमालकांच्या खोल्या त्या वर्षी रिकाम्या राहिल्या. आयआयटीच्या कायमच्या जागेचं लोलये, शेळ-मेळावली, सांगे असं फिरून झालं. तीही कधीतरी जाणारच. अभियांत्रिकी महाविद्यालय तेवढं जुनं आणि मुरलेलं. म्हणून हिशेब पाच खाटांचा आणि वर्षाच्या दहा महिन्यांचा केला. मेमध्ये घर रिकामंच असतं. त्यात हप्ता निघतो आणि घरपट्टी, इंटरनेट, झाडलोटीच्या बाईंचा पगार कसाबसा भागतो. पहिल्या वर्षी सहा खाटा भरल्या.

मुलं आली ती प्रवेशफेऱ्या संपता संपता. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार प्रत्येकाशी वेगळा, पालकाची सही सोबत. गोव्यात १९६८ चा भाडेनियंत्रण कायदा आहे, म्हणून मसुदा वकिलांकडूनच करून घेतला, नेटवरचा उचलला नाही. भाडेकरूंची पोलीस पडताळणी २०२४ च्या कायद्याने सक्तीची झाली आहे. न केल्यास दहा हजारांपर्यंत दंड. पोलीस ठाण्यात अर्ज, आधारची प्रत, फोटो, फार वेळ लागला नाही. जीएसटीची धास्ती घेतली होती, पण माणशी महिना २० हजारांपर्यंतच्या आणि सलग किमान ९० दिवसांच्या निवासाला जुलै २०२४ पासून सूट आहे, आपलं भाडं त्या मर्यादेच्या आसपासही नाही. खोलीत गॅस आणि हॉटप्लेट नाही, मागे सामाईक स्वयंपाकघर आहे. शेजारी मंडळींना मुलांची गंमत वाटते आणि रात्री अकरानंतरच्या गिटारचा रागही येतो, दोन्ही निरोप माझ्याकडेच पोचतात.

२०२५ च्या जुलैत विवरणपत्र भरताना शेवटचा कागद समोर आला. भाड्याच्या उत्पन्नातून घरपट्टी वजा होते, उरलेल्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते आणि कर्जाचं व्याजही वजा होतं. त्यासाठी बँकेकडून वर्षाचा व्याजाचा दाखला एप्रिलमध्येच मागून ठेवायचा. गोव्यातल्या सामाईक मालमत्तेच्या जोडप्यांसाठी आयकरात वेगळा नियम आहे. पगार सोडून बाकी उत्पन्न नवरा-बायकोत निम्मं निम्मं विभागलं जातं आणि विवरणपत्रात त्यासाठी पाच-ए नावाचं परिशिष्ट भरावं लागतं. सी.ए.नी माझ्या हिश्श्याच्या भाड्यातला अर्धा भाग नवऱ्याच्या विवरणपत्रात टाकला. तो म्हणाला, "दोन चवथी सह्या करण्यात गेल्या, त्याची ही मजुरी?" पुण्याला भाऊ-वहिनीचंही असंच करायचं का, हे त्यांच्या सी.ए.ला विचारायला सांगितलंय. तिकडच्या लोकांना हे परिशिष्ट सहसा ठाऊक नसतं, म्हणून उत्तराधिकार दस्ताची प्रतही पाठवून दिली.